उलट्या दिशेने चाललेली अठरा माणसं

ट्रेसरबाईंना एक चांगलं नाव होतं, आडनावही होतं, पण ऑफिसात ते फक्त हजेरीपत्रकाला माहीत होतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना ट्रेसरबाईच म्हणत. एकदा त्यांच्या यजमानांनी ऑफिसात फोन करून बायकोला नावाने विचारलं, तर कारकुनाने “या नावाचं इथे कोणी नाही” म्हणून फोन ठेवून दिला. बाई त्याच्या समोरच्याच टेबलावर पेन्सिलीला टोक करत बसल्या होत्या.

काम त्यांचं असं, की हजारो वर्षांपूर्वी माणसांनी खडकांवर दगडाने ठोकून ठोकून कोरलेली चित्रं उतरवून आणायची. खडक मऊ ब्रशने झाडायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने लटकवायचा, आरशाने उन्हाची तिरीप बाजूने पाडायची आणि दिसेल तो प्रत्येक ठोका मार्करने उतरवायचा. मग ऑफिसात तो प्लास्टिकचा कागद काचेच्या टेबलावर ठेवायचा, खालून दिवा लावायचा, वर पांढरा कागद घालून सगळं शाईने गिरवायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. तासाभरात मान कामातून जाते आणि दुपारपर्यंत दगडाचा प्रत्येक पोपडा हरणासारखा दिसायला लागतो.

म्हणूनच बाईंनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. दिसतं ते काढायचं, कळतं ते काढायचं नाही. हरणाला तीन पाय दिसले तर तीन काढायचे. चौथा कुठे गेला, ही त्यांची डोकेदुखी नव्हे.

चौथ्या पायाची डोकेदुखी सरांची. सर म्हणजे खात्याचे जुने संचालक, आता वय चौऱ्याऐंशी, निवृत्त होऊन जमाना झाला तरी ऑफिसात त्यांना अजून सरच म्हणत. त्या ठोक्यांवरून त्या काळचे लोक काय खात, कशाला भीत, कुणापुढे नाक घासत, हे सर सांगायचे. आणि असं सांगायचे, की जणू परवाच त्या लोकांकडे जेवून आलेत.

सरांचं सगळं नाव एका खडकावर उभं होतं. डोंगरावरची दक्षिणेकडे तोंड केलेली ती सपाट भिंत. तिच्यावर अठरा माणसं एका ओळीत चालली आहेत. मधल्या चौघांनी शिडीसारखं काहीतरी उचललंय, त्यावर एक माणूस आहे, त्याचा एक हात वर आहे, आणि सगळ्यांच्या मागे एक चार पायांचं जनावर. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं, की डावीकडे पश्चिम आणि उजवीकडे पूर्व. छापलेल्या चित्रात ओळ डावीकडे चालली होती. म्हणजे मावळतीकडे. मावळतीकडे म्हणजे मरणाकडे. एवढं कळल्यावर सरांना काहीच कळायचं राहिलं नाही. शिडी म्हणजे तिरडी, वर केलेला हात म्हणजे आत्म्याचा निरोप, शिडी धरणाऱ्यांतल्या मागच्या दोघांनी शोकाने हात उंचावलेले, आणि जनावर म्हणजे परलोकीचा वाटाड्या. बाईंना ते जनावर पहिल्यापासून कुत्रं वाटत होतं. पण ते झालं कळतं, म्हणून त्या गप्प.

या अंत्ययात्रेवर सरांनी सव्वाचारशे पानांचं पुस्तक लिहिलं. चित्र बाईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षी उतरवलेलं. पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. तेव्हा ती पद्धतच नव्हती.

तर यंदा, बाईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले असताना, खात्याच्या नव्या मॅडमनी ठरवलं, की त्या खडकापर्यंत नीट पायवाट करायची आणि शेजारी फलक लावायचा. उन्हापावसाने उडू नये म्हणून भट्टीत भाजलेल्या फरशीवर छापलेला. वर चित्र, मध्ये माहिती, खाली ‘रेखांकन’ आणि पुढे बाईंचं नाव. पूर्ण नाव.

बाई घरी येऊन हे सहज सांगितल्यासारखं बोलल्या, पण भाजी चिरताना त्यांनी तेच तीनदा सांगितलं. यजमानांनी बहिणीला फोन लावला. धाकट्या नणंदेने तासाभरात गोतावळ्याला कळवून टाकलं आणि अकरा जणांची गाडी ठरवून मोकळी झाली.

“अगं, फरशीच आहे,” बाई म्हणाल्या.

“असू दे. आमच्या घरात आजवर कुणाचं नाव दगडावर लागलेलं नाही वहिनी. लागलं ते गेल्यावर लागलं.”

फरशी छापणाऱ्याचं दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्यावर होतं. नळ, तोट्या, बेसिनं, कमोड आणि फरश्या. मालक टक्कल पडलेला, पन्नाशीकडे झुकलेला, चष्मा कायम कपाळावर. बाई नमुना तपासायला गेल्या तेव्हा त्याने तो काउंटरवर पसरला आणि शांतपणे म्हणाला, “बाई, नाव तपासून घ्या. चित्र उलटं आहे, पण ते तुमच्या खात्याचं. मी सांगाल तसं छापतो.”

“उलटं म्हणजे?”

“उलटं म्हणजे उलटं. ती माणसं उजवीकडे चाललीत. मी पाहिलंय. फोटोही काढला होता.”

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि मग त्यांना ओळख पटली. हा सरांचाच विद्यार्थी. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी एकटा डोंगर चढून गेलेला, पहाटे त्या भिंतीसमोर कॅमेरा लावून बसलेला आणि ‘यात्रा पूर्वेकडे जाते’ असा लेख छापून आणणारा पोरगा. सरांनी पुढच्याच अंकात त्याची सालटी काढली होती. ‘लेखकाने निगेटिव्ह उलटी धरून फोटो छापला आहे, त्याने आधी कॅमेरा शिकावा, मग पुरातत्त्व.’ ऑफिसात सगळे पोट धरून हसले होते. बाईही हसल्या होत्या. पोरगा विषय सोडून गेला आणि पुन्हा त्याचं नाव निघालं नाही.

“मग तेव्हा काही बोलला का नाहीस?”

“कोणाशी? सरांशी?” त्याने चष्मा परत कपाळावर सरकवला. “इथे बरं आहे बाई. नळ उलटा बसवला तर गिऱ्हाईकाला लगेच कळतं.”

बाईंनी नमुना गुंडाळला आणि थेट ऑफिस गाठलं. कोठीतल्या पत्र्याच्या नळकांड्यातून त्यांनी एकतीस वर्षांपूर्वीचा तो प्लास्टिकचा कागद काढला आणि काचेच्या टेबलावर पसरला, पुस्तकात होता तसा, माणसं डावीकडे. आणि बोट फिरवलं. प्लास्टिक गुळगुळीत. मार्करची शाई नेहमी वरच्या बाजूला असते, नख लावलं की जुनी शाई भुकटीसारखी निघते. इथे काहीच निघेना. त्यांनी कागदाखाली हात घातला. बोट काळं झालं.

चूक खडकाची नव्हती, कॅमेऱ्याची नव्हती. कागदच पालथा पडला होता. त्या काळी नावनिशी कागदावर लिहीत नसत, चिठ्ठी दोऱ्याने कोपऱ्याला बांधत. चिठ्ठीचं काय, ती कुठूनही वाचता येते. आणि ज्या दिवशी हे चित्र गिरवलं, त्या दिवशी बाईंची अक्कलदाढ सुजली होती, अर्धा चेहरा भोपळ्याएवढा झाला होता आणि संध्याकाळी पाचला दाताच्या डॉक्टरकडे नंबर होता. एक हात गालावर ठेवून, एका डोळ्याने, त्यांनी अठरा माणसं साडेतीन तासांत मावळतीला पोचवली होती.

त्यानंतर बाईंनी दोनशेवर खडक उतरवले, पण त्या भिंतीकडे पुन्हा जायची वेळ आली नाही. सर स्वतः एकदाच वर गेले होते, बाईंच्या आधी. उतरताना गुडघा गेला, आणि मग ते पुस्तकातूनच डोंगर चढत राहिले. जे दोन-चार विद्वान गेले ते दुपारी गेले. त्या भिंतीवर ऊन बाजूने पडतं ते सूर्य उगवल्यावर जेमतेम अर्धा तास. एरवी ती भिंत म्हणजे नुसती भिंत. विद्वान वर जायचे, कोऱ्या दगडाला वंदन करायचे आणि खाली येऊन पुस्तकातलं चित्र छापायचे.

आता मात्र शेजारी फलक लागणार होता. सकाळी फिरायला येणारं शेंबडं पोरही एकदा फरशीकडे आणि एकदा भिंतीकडे बघून हसलं असतं. आणि फरशीच्या तळाला, भट्टीत पक्कं केलेलं, बाईंचं नाव.

“नाव काढून टाकायला सांग,” यजमान रात्री जेवताना म्हणाले. “आजारी आहे म्हण. निवृत्त हो. मग फरशी उलटी लागो नाहीतर आडवी.”

“आणि तुमची बहीण गाडी घेऊन येतेय ती?”

“तिला मी सांगतो.”

“काय सांगाल?”

यजमान बराच वेळ आमटी ढवळत राहिले. बत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, चूक सापडली की ती आधी दुसऱ्या शाखेकडे पाठवायची सवय. “एकतीस वर्षं कुणाला दिसली नाही,” ते शेवटी म्हणाले.

“एकाला दिसली. तो आता कमोड विकतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सरांच्या दारात उभ्या राहिल्या. सरांच्या पत्नी, काकू, दार उघडताच म्हणाल्या, “या. आज मशीन कानात आहे, पण चालू आहे की नाही ते सांगता येत नाही.”

बाईंनी प्लास्टिकचा कागद सरांच्या टेबलावर पसरला, पालथा आणि सुलटा करून दाखवला, दाढेपर्यंत सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, “शक्य नाही.”

“सर, माझं बोट बघा.”

“बोट नाही बघायचं बाई, संदर्भ बघायचा. पश्चिमेकडे जात नसतील तर ती अंत्ययात्रा नाही. आणि ती अंत्ययात्रा आहे, हे मी सिद्ध केलंय. तेव्हा ते पश्चिमेकडेच जातात.”

“खडक काही वेगळं म्हणतोय.”

“मग खडकाचं काहीतरी चुकतंय.”

काकू चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “अहो, एकदा जाऊन बघा की. त्या माणसांना तुम्ही तीस वर्षं मारताय, एकदा तोंड दाखवून या.”

“या गुडघ्याने?”

“उचलून नेतील.”

सरांना हे लागलं असावं, कारण त्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच थंड होऊ दिला. बाई उठल्या तेव्हा म्हणाले, “मॅडमना सांगा. गुरुवारी पहाटे. आणि तुम्हीही या. तोंडघशी पडाल तेव्हा मी समोर हवा.”

गुरुवारी पायवाटेचं काम करणारे चार मजूर खाली तयार होते. खुर्चीला दांडे बांधून बघितले, पण खुर्ची पहिल्याच वळणावर झाडाला अडकली. शेवटी मजुरांनी आपली कामाची शिडी आणली, तिच्यावर गोधडी घातली आणि सरांना बसवलं. सर म्हणाले, “दोरी बांधू नका. मी काही सामान नाही.” एका हाताने त्यांनी शिडीची पायरी घट्ट पकडली. बाई मागून निघाल्या. त्यांच्या मागून मजुरांचं एक कुत्रं, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं.

वाट पूर्वेला चढत जाते. चढ लागला तशी शिडी मागे कलंडली आणि सर घसरले. “वर, मागचे, वर!” ते ओरडले. मागच्या दोघांनी शिडी हात उंच करून डोक्यावर घेतली, पुढच्या दोघांनी कमरेशी आणली, शिडी सपाट झाली. सर परत नीट बसले आणि मोकळ्या हाताने हुकूम सोडू लागले. डावीकडे घ्या. फांदी बघा. मेल्यांनो, फांदी.

बाई अचानक थांबल्या. कुत्रं त्यांच्या पायांवर आदळलं.

त्यांच्या समोर, कोवळ्या उन्हात, पूर्वेकडे चढत, ते चित्र चाललं होतं. पुढचे वाकलेले, मागच्यांचे हात वर, शिडीवर म्हातारा, एक हात हवेत. अठरा नव्हते, बाई धरून मोजून सहा माणसं होती. सगळंच काही जुळत नसतं. पण कुत्रं होतं.

बाईंनी ते बोलून दाखवलं नाही. कळतं ते काढायचं नाही, हा नियम. त्या नुसत्या चालत राहिल्या.

भिंतीपाशी पोचले तेव्हा ऊन नेमकं बाजूने आलं होतं आणि दगडातून एकेक माणूस वर येत होता. अठरा. उजवीकडे. सगळे उजवीकडे. सर शिडीवरच बसून होते, खाली उतरवायचं कुणाला सुचलं नाही. ते बघत होते. मजूरही बघायला लागले. आणि त्यांच्यातला एक, डोक्यावरची शिडी हातांनी तोलत, सहज म्हणाला, “हे बघा, यांनीपण म्हाताऱ्याला वर आणलंय.”

कुणी हसलं नाही.

“मेलेल्यालाही आणतात,” सर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

“मेलेल्याला बांधतात साहेब. ह्याने पायरी धरलीय.”

सरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो पायरी धरून पांढराफटक पडला होता. मग भिंतीवरच्या माणसाच्या दुसऱ्या हाताकडे. तो हात ठोक्याठोक्याने स्पष्ट होता. बाईंच्या रेखांकनातही होता, पुस्तकात छापलेल्या चित्रातही होता, पहिल्या आवृत्तीपासून. सव्वाचारशे पानांत त्याच्यावर एक ओळ नव्हती.

“हा हात तुम्ही काढला होता,” सर म्हणाले.

“दिसला, म्हणून काढला.”

“हं.” ऊन सरकलं, मागची माणसं पुसट होऊ लागली. “मला खाली उतरवा,” सर म्हणाले. “नको, थांबा. एक मिनिट. म्हणजे हा मनुष्य जिवंत आहे.”

“तसं दिसतंय सर.”

“आणि ओरडतोय.”

“त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.”

शनिवारी सर फरशीवाल्याच्या दुकानात गेले. काकूंनी इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं होतं, बाई काठीच्या बाजूने चालत होत्या. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, बसायला खुर्ची एकच आणि तिच्यावर नळांचं खोकं. सरांचा गुडघा आता उभं राहू देईना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, सोयीस्कर उंचीचं पांढरं शुभ्र आसन दिसलं, त्यावर ते रुबाबात बसले आणि काठी मांडीवर आडवी घेतली.

“सर,” फरशीवाला घाईने पुढे आला, “तो शोपीस आहे.”

“असू दे. मी काही फार वेळ घेणार नाही.”

बाईंनी छताकडे बघायला सुरुवात केली. गिऱ्हाइकंही.

“तुझी निगेटिव्ह सुलटी होती,” सर म्हणाले. “मी उलट लिहिलं. छापून लिहिलं, तेव्हा माफीही छापून देईन. अंक पुढच्या महिन्यात निघेल. ही प्रत.” त्यांनी खिशातून चौपदरी घडी काढली. हस्ताक्षर थरथरतं होतं, पण भाषा तीच, धारदार. या वेळी धार आत वळलेली. ‘प्रस्तुत लेखकाने आधी खडक बघावा, मग पुस्तक लिहावं.’

फरशीवाल्याने चष्मा डोळ्यांवर घेऊन ते उभ्या उभ्या वाचलं. मग परत एकदा वाचलं. एका बाईने बेसिनचा भाव विचारला, ते त्याला ऐकू गेलं नाही.

“चूक माझी होती,” बाई म्हणाल्या. “कागद मी पालथा घातला. त्यांच्या लेखात ते आलं पाहिजे, मी सांगितलंय. नाव घालून. आणि तेव्हा मी हसलेही होते.”

“सगळेच हसले असतील.”

“बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी हसले.”

त्याने मान हलवली. चष्मा पुसला, जो पुसायची गरज नव्हती. मग काउंटरच्या खालच्या खणातून त्याने पुठ्ठ्याच्या पाकिटातला जुना, पिवळा पडलेला फोटो काढला. कमोड विकणारा माणूस तो फोटो दुकानात का ठेवतो, हे कुणी विचारलं नाही. “चित्र सुलटं करून देतो,” तो म्हणाला. “फोटो शेजारी छापू का? म्हणजे परत कुणाचा घोळ नको.”

“छाप,” सर म्हणाले आणि उठायला लागले. त्यांना उठवायला दोघं लागले.

फलक लागला. त्यावर तीन नावं होती आणि ‘अंत्ययात्रा’ हा शब्द कुठेही नव्हता. ‘उजवीकडे चढत जाणारी अठरा माणसं, एकाला शिडीवरून नेत आहेत, कारण अज्ञात.’ हे अज्ञात लिहिताना सरांना किती त्रास झाला ते काकूंनाच ठाऊक.

नणंदेची गाडी आली, पण अकरा जणांची तयारी होईपर्यंत निघायलाच उशीर झाला आणि सगळे धापा टाकत वर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भिंत कोरी. सगळे कोऱ्या भिंतीकडे पाठ करून फरशीसमोर उभे राहिले आणि फोटो काढू लागले. यजमानांनी खिशातून रुमाल काढला आणि फरशीच्या तळाशी एका ओळीवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती.

नणंद चित्राकडे वाकून बघत होती. “वहिनी, पण ही माणसं चाललीत कुठे एवढी?”

“मला काय माहीत,” बाई म्हणाल्या. “उजवीकडे.”